जुना फ्लॅट विकून नवा घेताना: पुण्यातल्या रिसेल व्यवहाराची वाट, पायरीपायरीनं

धनकवडीतला वन बीएचके विकायचा आणि कोथरूडला टू बीएचके घ्यायचा, एवढंच आम्हाला करायचं होतं. दोन्ही व्यवहार रिसेलचे, मध्ये एजंट एकच. तो म्हणाला होता, "ताई, तीन महिन्यांत कलश ठेवाल." लागले सात. त्यातले एकोणीस दिवस आमचा संसार भाड्याच्या गोदामात होता आणि आम्ही चौघं नणंदेच्या हॉलमध्ये गाद्या घालून.

कुणी फसवलं नाही, पैसेही बुडाले नाहीत. चुकल्या त्या तारखा. घर विकणारे आणि घेणारे एकाच वेळी तुम्हीच असता, तेव्हा एका टोकाचा एक कागद अडला की दुसरं टोक ताणलं जातं. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे क्रमानं लिहिते आहे. आकडे पुणे महापालिका हद्दीतले आहेत. दर बदलत राहतात, तेव्हा पैसे भरण्याआधी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर एकदा ताडून बघा.

१. आधी वही-पेन, मग घरं बघणं

समजा ८० लाखांचा फ्लॅट घेताय. ३० ते ७५ लाखांच्या दरम्यानच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच जाते, म्हणजे जास्तीत जास्त ६४ लाख. उरलेले १६ लाख तुमचे. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, ते झाले ५ लाख ६० हजार. नोंदणी फी ३० हजार. एजंट २ टक्के घेणार असेल तर १ लाख ६० हजार. बेरीज साडेतेवीस लाखांवर गेली आणि अजून वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, रंगकाम, टेम्पो यातलं काहीच धरलेलं नाही. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च बँक कर्जात धरत नाही. "ऐंशीचं घर, चौसष्ट कर्ज, सोळा आपले" असा हिशोब करून निघालेली माणसं नेमकी इथे अडकतात.

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. या उदाहरणात ते ८० हजार होतात. पण नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं की सवलत गेली. खरेदीदार सगळ्या स्त्रियाच हव्यात. आमच्याकडे यावर दोन रात्री चर्चा झाली. शेवटी कर्जाच्या सोयीसाठी दोघांचं नाव लागलं आणि सवलतीवर पाणी सोडलं.

आणखी एक. मुद्रांक करारातल्या किमतीवर किंवा रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारनं त्या भागासाठी ठरवलेल्या मूल्यावर, जे जास्त असेल त्यावर लागतो. घासाघीस करून किंमत रेकनरच्या खाली आणलीत, तरी मुद्रांक खाली येत नाही.

२. एजंट कसा निवडायचा आणि त्याच्याशी काय ठरवायचं

महारेरानं, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणानं, एजंटांना नोंदणी तर लावलीच, २०२३ पासून प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली. नोंदणी क्रमांक 'ए' या इंग्रजी अक्षरानं सुरू होतो आणि महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येतो. कायद्यानं ही सक्ती रेरा-नोंदणीकृत प्रकल्पांपुरती आहे, त्यामुळे जुन्या सोसायट्यांचे व्यवहार करणारे पुष्कळ एजंट बिनानोंदणीचे भेटतील. ते सगळे वाईट असतात असं नाही. पण दोघांत निवडायचं झालं तर क्रमांक असलेला निवडा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या भागात त्याचं किती चालतं. आम्ही आधी एका मोठ्या चकचकीत ऑफिसात गेलो. तिथला मुलगा मोबाइलवर जे दाखवत होता ते आम्हीच आदल्या रात्री पाहिलं होतं. मग कोथरूडमध्ये वीस वर्षं हेच करणारे एक गृहस्थ मिळाले. कुठल्या सोसायटीत पाण्याचा टँकर येतो आणि कुठे सेक्रेटरी सही करायला दोन महिने लावतो, हे त्यांना तोंडपाठ. दलाली द्यायची ती या माहितीची.

पहिल्याच भेटीत चार गोष्टी ठरवा आणि व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या: दलाली किती टक्के, त्यावर जीएसटी आहे का, ती कधी द्यायची आणि व्यवहार मोडला तर काय. पुण्यात विक्रीला १ ते २ टक्के मागतात, तेही दोन्ही बाजूंकडून. आम्ही दोन व्यवहार एकाच माणसाला देत होतो, त्या जोरावर विक्रीला १ आणि खरेदीला दीड टक्क्यावर आणलं. निम्मी रक्कम साठेखताची (विक्री ठरल्याच्या कराराची) नोंदणी झाल्यावर, निम्मी चावी हातात आल्यावर. सगळी दलाली साठेखतालाच देऊन टाकू नका. त्यानंतरची दगदग तुमच्या एकट्याच्या गळ्यात पडते.

आणि एक मनाशी पक्कं ठेवा: एजंटचं पोट व्यवहार होण्यावर आहे, कागद निर्मळ असण्यावर नाही. घर त्यानं दाखवावं, भाव त्यानं बोलावा, तारखा त्यानं जुळवाव्यात. कागद वकिलानं बघायचे, आणि तो वकील एजंटनं आणलेला नसावा.

३. आपलं घर विकायला काढण्याआधी फाइल लावा

आमचे एकोणीस दिवस इथेच गेले. २००९ मध्ये आम्ही धनकवडीचा फ्लॅट घेतला तेव्हा सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर, म्हणजे सभासदत्वाच्या दाखल्यावर, मागच्या बाजूला आमचं नाव चढवायचं राहून गेलं होतं. अर्ज दिला होता, कमिटीची बैठकच झाली नव्हती, पुढे सगळेच विसरले. पंधरा वर्षं काही बिघडलं नाही. आमच्या खरेदीदाराच्या बँकेनं मात्र ते पहिल्याच दिवशी काढलं आणि कर्जाचा चेक थांबवला.

तेव्हा जाहिरात देण्याआधी हे सगळं काढून बघा:

- बिल्डरशी झालेला मूळ करार आणि त्यानंतरचे सगळे करार, नोंदणीच्या पावत्या आणि इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) यांच्यासह
- शेअर सर्टिफिकेट, आजच्या मालकाचं नाव चढलेलं
- भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहायला महापालिकेनं दिलेली परवानगी), नसेल तर निदान मंजूर नकाशा आणि बांधकाम सुरू करण्याचा दाखला
- मिळकतकराची आणि वीजबिलाची ताजी पावती
- सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला आणि ना हरकत पत्र
- कर्ज चालू असेल तर बँकेकडून शिल्लक रकमेचं पत्र आणि तिच्याकडे असलेल्या कागदांची यादी

घर वडिलोपार्जित असेल तर आणखी एक गाठ असते. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लागलं म्हणजे मालकी आली असं नाही. बाकीच्या वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. बहीण नागपूरला, भाऊ बंगळुरूला असेल तर हे काम गिऱ्हाईक येण्याच्या आधी उरका.

सोसायट्यांबद्दल थोडं. हस्तांतराचा प्रीमियम महापालिका हद्दीत २५ हजारांच्या वर घेता येत नाही, २००१ चा शासन निर्णय आहे. तरी 'इमारत निधीला स्वेच्छेनं' म्हणून लाखभर मागणाऱ्या कमिट्या आहेत. भांडायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण जे द्याल त्याची पावती घ्या. आणि ते पैसे विकणाऱ्यानं द्यायचे की घेणाऱ्यानं, हे टोकनच्या (इसाऱ्याच्या) वेळीच बोला.

४. घर बघायला जाताना

एजंट सकाळी अकराला नेतो, ऊन छान असतं, घर प्रसन्न दिसतं. आवडलं तर एकदा संध्याकाळी सातला एकटे जा. रस्त्यावरच्या गाड्या, शेजारच्या हॉलचा आवाज, पार्किंगची मारामारी तेव्हा कळते. जमलं तर एक फेरी मोठ्या पावसात मारा. ताजा रंग दिलेली भिंत जुलैत खरं बोलते. वॉचमनला विचारा पाणी किती वाजता येतं. सेक्रेटरीपेक्षा तो नेमकं सांगतो.

मेजर टेप बरोबर ठेवा. जाहिरातीत ९५० म्हणजे बहुतेक वेळा जिना-लिफ्टसकटचा 'सेलेबल' आकडा असतो. करारातला कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ किती, ते विचारा आणि प्रति चौरस फूट भाव त्यावरच काढा. आम्हाला 'स्वस्त' म्हणून दाखवलेला एक फ्लॅट कार्पेटवर हिशोब केल्यावर यादीतला सगळ्यात महाग निघाला.

पार्किंगचा कागद मागा. स्टिल्टमधलं (इमारतीखालच्या खांबांमधलं) किंवा मोकळं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलं आहे. त्यामुळे 'बिल्डरकडून विकत घेतलंय' यापेक्षा सोसायटीचं वाटपपत्र आहे का, हे महत्त्वाचं.

कोथरूडमध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे "इथे रीडेव्हलपमेंट येतंय, म्हणून भाव जास्त." असेलही. मग सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त दाखवा म्हणावं, आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का ते विचारा, म्हणजे कन्व्हेयन्स किंवा मानीव अभिहस्तांतरण. दोन्ही नसेल तर न बांधलेल्या घराचे पैसे आज कशाला मोजायचे?

५. टोकन आणि तारखा

"ताई, आज टोकन द्या, उद्या दुसरी पार्टी येतेय." ती दुसरी पार्टी आम्हाला सात महिन्यांत कधीच दिसली नाही.

टोकन छोटं द्या आणि चेकनं किंवा ऑनलाइन द्या. घरजमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढाच असतो. टोकनबरोबर एक पानाचं पत्र करा: किंमत, पैसे देण्याचे टप्पे, कोणत्या वस्तू घरात राहणार, ताबा कधी, आणि कागदात दोष निघाला किंवा कर्ज नामंजूर झालं तर टोकन परत.

तुम्ही विकून घेणार असाल तर त्या पत्रात आणखी एक ओळ हवी. आमच्या पत्रात ती नव्हती. ओळ अशी: 'खरेदीदाराच्या सध्याच्या सदनिकेच्या विक्रीची रक्कम जमा होण्यास विलंब झाल्यास मुदत ३० दिवसांनी वाढेल.' आमचा चेक अडकला तेव्हा आमचे एजंट स्वतः कोथरूडचं घर आम्हाला विकणाऱ्या काका-काकूंकडे जाऊन बसले, दोन वेळा चहा प्याले आणि महिनाभराची मुदत लेखी घेऊन आले. दलालीचे पैसे मला त्या संध्याकाळी वसूल झाले. पण काकू भल्या होत्या म्हणून निभावलं.

क्रम विचाराल तर आपल्या घराचं साठेखत आधी, नव्या घराचं त्यानंतर. आणि आपल्या घराचा ताबा नव्या घराच्या ताब्यानंतर किमान दहा दिवसांनी. खरेदीदाराला हे आधीच सांगितलं तर तो सहसा ऐकतो, शेवटच्या आठवड्यात सांगितलं तर ऐकत नाही. आमचा ऐकला नाही. त्याच्या भाड्याच्या घराची मुदत संपत होती, त्याचंही बरोबरच होतं.

६. मालक परदेशात असेल तर

कोथरूड, कर्वेनगर, औंध या भागांत हे इतक्यांदा होतं की वेगळं लिहावं लागतं. आम्हाला सगळ्यात आवडलेला फ्लॅट आजोबांच्या आणि अमेरिकेतल्या मुलाच्या नावावर होता. विकणारा अनिवासी भारतीय असला की नेहमीचा १ टक्का टीडीएस (विक्रीच्या रकमेतून खरेदीदारानं आधीच कापायचा कर) त्याला लागू नाही. दीर्घकालीन नफ्याचा साडेबारा टक्के आणि वर अधिभार-उपकर असा कर खरेदीदारानं कापायचा असतो, आणि ५० लाखांच्या खाली कपात नाही ही नेहमीची मर्यादाही इथे नाही. कमी कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून मिळतं, पण त्याला आठवडे जातात. कापला नाही तर जबाबदारी तुमची. मुलगा येणार नसेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत केलेलं मुखत्यारपत्र लागतं आणि ते इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्याचा मुद्रांक भरावा लागतो. आमच्या तारखांत हे बसेना, म्हणून तो फ्लॅट सोडला. तुमच्याकडे वेळ असेल तर सोडू नका, फक्त सीए आधी गाठा.

७. वकील आणि बँक

वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल, घ्या. बँक तिचा वकील लावते, पण तो बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का एवढंच बघतो. तुमच्या मनातले प्रश्न विचारायला तुमचा माणूस हवा.

विकणाऱ्याचं कर्ज चालू असेल तर तुमची बँक आधी त्याच्या बँकेचे पैसे फेडते, मग मूळ कागद सुटतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत कागद परत द्यावे लागतात, उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. म्हणजे हे ३० दिवस तुमच्या वेळापत्रकात धरूनच चाला.

८. साठेखत, नोंदणी, खरेदीखत

पुण्यात रिसेलला दोन दस्त होतात. साठेखतावर सगळा मुद्रांक भरून नोंदणी करायची. बँकेचे पैसे उतरले की खरेदीखत, म्हणजे मालकी देणारा अंतिम दस्त, करायचं, त्याला मग नाममात्र मुद्रांक पुरतो. साठेखतावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत ते नोंदणीला न्यायचं असतं, पुढे दंड.

दुय्यम निबंधकाकडे जाताना मूळ आधार आणि पॅन, दोन साक्षीदार त्यांच्या ओळखपत्रांसह, चलनाची प्रत, आधीच्या कराराचा इंडेक्स टू आणि डबा. डबा विनोदानं लिहिलेला नाही. आमचा नंबर अकराचा होता, सर्व्हर चालू झाला पावणेदोनला. ज्येष्ठांचे अंगठे यंत्रावर उमटत नाहीत, काकूंचे चौथ्या खेपेला उमटले. ओला रुमाल बरोबर ठेवा. पितृपंधरवड्यात चालत असेल तर जा, आम्ही गेलो तेव्हा कचेरी निम्मी रिकामी होती. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नसते.

सही करण्याआधी दस्तातलं प्रत्येक नाव, सदनिका क्रमांक, क्षेत्रफळ आणि सर्व्हे नंबर मोठ्यानं वाचा. एका अक्षराची चूक दुरुस्त करायला चूक दुरुस्ती पत्र करावं लागतं आणि दोन्ही पक्षांना पुन्हा यावं लागतं.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून सरकारला भरायचा आणि त्याचं प्रमाणपत्र विकणाऱ्याला द्यायचं. तो विकणाऱ्याच्या पैशातून जातो, वरचा नाही. विकणाऱ्याचं पॅन आधारशी जोडलेलं आहे ना, हे आधी तपासा. नसेल तर १ चे २० टक्के होतात.

९. विक्रीवरचा कर

दोन वर्षांहून जास्त काळ घर तुमचं असेल तर नफा दीर्घकालीन, कर साडेबारा टक्के. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला, तुम्ही निवासी असाल तर, महागाई निर्देशांक लावून २० टक्के हाही पर्याय आहे, जो कमी पडेल तो. नफा दुसऱ्या राहत्या घरात घातला तर सूट मिळते: विक्रीच्या आधी एक वर्ष ते नंतर दोन वर्षं या काळात खरेदी, किंवा तीन वर्षांत बांधकाम. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत नवं घर झालं नसेल तर रक्कम बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवा. साध्या बचत खात्यात पडून असलेल्या पैशाला सूट नाही. पुढचं सीएला विचारा.

१०. हलताना

पॅकर्सना घरी बोलावून सामान दाखवा आणि त्यानंतरच दर घ्या. फोनवरचा दर टेम्पो भरल्यावर वाढतो. लेखी घेताना मजला, लिफ्ट आहे का, कपाटं खोलून जोडणं, एसी काढणं आणि मध्ये गोदाम लागलं तर त्याचं भाडं, सगळं त्यात हवं. दोन्ही सोसायट्यांना आधी पत्र द्या. काही ठिकाणी रविवारी किंवा दुपारी सामान लिफ्टनं नेऊ देत नाहीत.

दागिने, मूळ दस्त, मुलांचे दाखले आणि देव स्वतःच्या गाडीतून न्या. एका खोक्यावर 'पहिला दिवस' लिहा आणि त्यात गॅसचा लायटर, चहा-साखर, एक पातेलं, बल्ब, स्क्रूड्रायव्हर ठेवा. दूध उतू घालवायला पातेलं सापडेना म्हणून आमच्याकडे कुकरमध्ये घालवलं. सासूबाई अजून काढतात.

११. चावी मिळाल्यावरचे तीन आठवडे

सोसायटीत सभासदत्वाचा अर्ज द्या आणि शेअर सर्टिफिकेटवर नाव चढेपर्यंत पाठ सोडू नका. दर बैठकीनंतर विचारा. महावितरण आणि पाइप गॅसची जोडणी आपल्या नावावर करा, मीटरचं शेवटचं वाचन विकणाऱ्यासमोर फोटो काढून ठेवा. मिळकतकरावर इंडेक्स टू जोडून नाव बदला. आणि स्वतः राहणार असाल तर महापालिकेत पीटी-३ अर्ज वेगळा भरा. मिळकतकरातली ४० टक्के सवलत त्यावर मिळते आणि आधीच्या मालकाला होती म्हणून ती तुम्हाला आपोआप मिळेल असं धरू नका. अर्जासोबत स्वतः तिथे राहत असल्याचा पुरावा लागतो, आम्ही सोसायटीचं पत्र आणि पत्ता बदललेलं आधार जोडलं होतं. पोच घ्या आणि ती नव्या फाइलमध्ये, शेअर सर्टिफिकेटच्या मागे लावा.